बर्फाखालचा ट्राउट: खासगी तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी

गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकायला गेलेला माणूस हमखास दोन चुका करतो. तडक तळ्याच्या मध्यावर जाऊन भोक पाडतो आणि आमिष पार तळाला नेऊन ठेवतो. दोन तास काही लागत नाही, पाय गारठतात, आणि तळ्यात मासेच नाहीत अशी समजूत करून घेऊन तो घरी जातो. मासे असतात. ते त्याच्या पाठीमागे, काठाजवळ, बर्फाखाली हात-दोन हातांवर फिरत असतात.

मी शिकत होतो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सगळ्यात आधी सांगून टाकलं.

मासा वर का असतो

रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या आणि रशियातल्या कामचात्काच्या नद्यांचा. थंड आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात वाढलेली ही जात. पाणी १० ते १६ अंश सेल्सियस असताना तो सगळ्यात जोमाने खातो. २४-२५ अंशांपर्यंत तापलं की त्याच्या जिवावर बेतायला लागतं. अंडी घालायला त्याला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो, आणि साध्या तळ्यात दोन्ही नसतं. म्हणून तळ्यातला जवळजवळ प्रत्येक ट्राउट कुणीतरी पैसे मोजून आणून सोडलेला असतो, बहुधा उन्हाळा सरून पाणी निवल्यावर. मासा ठेवायचा की सोडायचा हा प्रश्न पुढे येईल तेव्हा हे आठवा.

पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्यामुळे हिवाळ्यात तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी बसतं आणि बर्फाला लागून शून्याजवळचं. नुसत्या उबेचा विचार केला तर माशाने खाली जायला हवं. पण तळाच्या गाळात पालापाचोळा आणि मेलेल्या पाणवनस्पती कुजत असतात, त्या प्राणवायू खातात, आणि वर बर्फाचं झाकण असल्याने हवेतून नवा येत नाही. हिवाळा सरत जातो तसा तळ कोंदट होत जातो. वरच्या थरात मात्र बर्फातून आलेल्या उजेडावर शेवाळ थोडाफार प्राणवायू तयार करत राहतं. ट्राउटला थंडीचा त्रास नाही, कोंदटपणाचा आहे, म्हणून तो वर राहतो. आणि तो एका जागी बसत नाही. काठाकाठाने, १ ते ३ मीटर खोलीच्या पट्ट्यात, फेऱ्या मारत राहतो. आत्ता भोकाखालून गेलेली टोळी थोड्या वेळाने पुन्हा त्याच वाटेने येण्याची शक्यता बरीच असते.

आधी मालकाशी बोला

खासगी तळ्याचा मोठा फायदा म्हणजे ते तळं रोज बघणारा माणूस उपलब्ध असतो. परवानगी तर घ्यायचीच, पण तेवढ्यावर थांबू नका. पाच मिनिटं उभं राहून विचारा: सगळ्यात खोल जागा कुठे आहे? हवा सोडणारा पंप आहे का, असला तर कुठे, आणि तो चालू आहे का? कुठे झरा फुटतो, पाणी कुठून येतं, कुठून बाहेर जातं? मासे केव्हा सोडले, साधारण किती, किती मोठे? खायला काय घालता? यंदा बर्फावर कुणी गेलंय का?

पंपाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तळाशी बसवलेल्या पंपाचे बुडबुडे खालचं कोमट पाणी वर आणतात आणि तिथला बर्फ पातळ ठेवतात. बंद करून दोन दिवस झाले तरी तिथे वर नुसती नवी साय धरलेली असते, आणि त्यावर हिम पडलं की ती जागा बाकीच्या तळ्यासारखीच दिसते. मालकाला ती जागा काठावरून बोटाने दाखवायला सांगा आणि तिच्यापासून लांब राहा.

किती मासे ठेवता येतील, धरलेले परत पाण्यात सोडले तर चालेल का, एका माणसाने किती काठ्या लावायच्या, हेही तिथेच ठरवून घ्या. खासगी तळ्यावर मासेमारीचा परवाना लागतो की नाही, हे ठिकाणागणिक बदलतं. त्याची चौकशी तुम्हीच करा, मालकावर सोडू नका.

आणि एक गोष्ट न विचारताच पाळा: आमिष म्हणून जिवंत लहान मासे नेऊ नका. एक सुटलेला परका मासा किंवा त्याच्या पाण्याबरोबर आलेला रोग अख्खं तळं बिघडवू शकतो.

बर्फ तपासणं

इथे घाई करणाऱ्याबरोबर मी बर्फावर जात नाही. एकट्या माणसाला चालायला कमीत कमी १० सेंटीमीटर जाडीचा, निळसर-काळा, काचेसारखा स्वच्छ बर्फ लागतो. मी स्वतः १२-१३ मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. पांढरा, दुधी बर्फ भिजलेल्या हिमातून तयार झालेला असतो. त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाच्या बर्फात पाणी मुरलेलं असतं. त्यावर पाय ठेवायचाच नाही.

टोकदार लोखंडी पहार बरोबर घ्या. काठावरूनच सुरुवात करा. प्रत्येक पावलाच्या आधी समोर पहारेचा जोरदार घाव घालायचा, मग पाऊल टाकायचं. एका-दोन घावांत पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरा. आवाजावरही कान ठेवा: जाड बर्फ ठणठणीत वाजतो, पातळ बर्फावर घाव बोदा पडतो. काठापासून चार-पाच मीटरवर एक भोक पाडून टेपने जाडी मोजा, आणि पुढे दर दहा-पंधरा पावलांवर पुन्हा मोजा. एका जागी १५ सेंटीमीटर निघाला म्हणून सगळीकडे तेवढाच असेल असं नसतं. लव्हाळ्याच्या बेटांजवळ, पाण्यातून वर आलेल्या ओंडक्याजवळ, धक्क्याच्या खांबांजवळ, पाणी आत येतं आणि बाहेर जातं तिथे बर्फ नेहमी कमी भरतो. वर हिमाचा जाड थर असेल तर तोही फसवतो, कारण हिम गोधडीसारखं काम करतं आणि खालचा बर्फ वाढू देत नाही.

थंडी वाढताना तळं अधूनमधून मोठ्याने घुमतं, तडकल्यासारखा आवाज करतं. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. ते बहुतेक वेळा बर्फ वाढताना आणि आकसताना होतं; तुम्ही जाडी मोजलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. हिवाळ्याच्या शेवटी मात्र हिशोब बदलतो. उन्हाने बर्फाच्या उभ्या सळ्या होतात, तो जाड असूनही ठिसूळ असतो, आणि तेव्हा टेपचा आकडा उपयोगाचा नाही.

एकट्याने जाऊ नका. गळ्यात दोरीला बांधलेले दोन हातसुळे ठेवा (लाकडी मुठीत बसवलेले जाड खिळेही चालतात), अंगात जीवरक्षक जाकीट, खिशात शिट्टी, आणि सोबत्याजवळ १५-२० मीटर दोर. दोघांनी एकमेकांपासून बरंच अंतर ठेवून चालायचं.

आत पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. थंडीच्या धक्क्याने धाप लागते, ती ओसरते. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे वेळ असतो, फक्त तो घाबरून उगाच हातपाय झाडण्यात घालवायचा नाही. ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला आत्ताच पेललं होतं. पाय जोरात मारून शरीर आडवं करा, सुळे बर्फात रोवून स्वतःला वर ओढा, आणि उभं न राहता लोळत लांब जा.

सामान

फार लागत नाही. भोकासाठी हाताने फिरवायचं ऑगर, म्हणजे बर्फाचं मोठं गिरमिट. १५ सेंटीमीटर व्यासाचं भोक बहुतेक तळ्यातल्या माशांना पुरतं, मोठे मासे सोडलेले असतील तर २० घ्या. पाती धारदार हवीत; बोथट पात्यांनी माणूस घामाघूम होतो आणि थांबल्यावर तोच घाम त्याला गारठवतो. भोकातला चुरा काढायला मोठा झारा. बसायला बादली, तीच येताना सामानाला.

काठी ६० ते ७५ सेंटीमीटरची, टोकाला अगदी मऊ. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक: १ ते २ किलो ताण सोसणारा, शक्यतो फ्लुरोकार्बनचा, कारण तो पाण्यात कमी दिसतो. स्वच्छ पाण्यात ट्राउटची नजर तीक्ष्ण असते, आणि जाड तंगूस हे मासा जवळ येऊन परत जाण्याचं एक मोठं कारण आहे. टोकाला १ ते २ ग्रॅमचा छोटा जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ. टंगस्टनचा मिळाला तर उत्तम, कारण टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड, त्यामुळे आकार लहान राहूनही पटकन खाली जातो. साधा गळ वापरणार असाल तर १० किंवा १२ नंबरचा. लांबून मासा बोलावायला एक-दोन छोटे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची चमकणारी धातूची आमिषं.

आमिष म्हणून मीलवर्म किंवा वॅक्सवर्मच्या अळ्या, बोटाच्या पेराएवढा गांडुळाचा तुकडा, किंवा ट्राउटसाठी मिळणारं कणकेसारखं आमिष. हे मासे हौदात गोळीखाद्यावर वाढलेले असतात, त्यामुळे नुकत्याच सोडलेल्या माशांना त्या वासाचं आमिष ओळखीचं वाटतं. काही आठवडे तळ्यात काढलेले मासे अळीवर जास्त येतात. पाणी इतकं थंड असताना त्यांचं पचन मंदावलेलं असतं, म्हणून आमिष लहानच ठेवा. अळ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा, नाहीतर गोठतात.

कपड्यांबद्दल एवढंच: अंगाला लागून सुती काही नको, लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कापड घाला, हातमोज्यांचा कोरडा जोड जास्तीचा ठेवा, पायाखाली रबरी चटई घ्या, बुटांना बर्फावर रुतणारे काटे लावा. बंदिस्त तंबूत शेगडी पेटवणार असाल तर हवेला वाट मोकळी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भोकं पाडणं

सगळी भोकं आल्या आल्या पाडून टाका. उथळ पाण्यात ऑगरच्या आवाजाने मासे बिचकतात, म्हणून मासेमारी चालू असताना मध्येच नवं भोक पाडणं टाळा. सहा-आठ भोकं पुरतात. काठाजवळ पाण्याची खोली मीटरभर असेल तिथून सुरुवात करा आणि वाकड्यातिकड्या ओळीत ३ मीटर खोलीपर्यंत जा. जिथे उथळ भाग एकदम उतरतो ती कड, पाणवनस्पतींची बाहेरची रेघ, पाण्यात बुडालेली फांदी, या जागांना आधी मान द्या. पाणी येण्याच्या तोंडाशी मासे जमतात खरे, पण बर्फ तिथे पातळ असतो. तो मोह सोडा.

भोकातला चुरा झाऱ्याने काढा आणि लांब टाका. भोकाभोवतीचं हिम मात्र आहे तसं राहू द्या. ते साफ केलं तर उजेडाचा मोठा गोल खाली पडतो आणि त्यात तुमची सावली हलताना माशाला दिसते. मग पंधरा-वीस मिनिटं शांत राहा. बादली सरकवणं, पाय आपटणं, सगळं खाली ऐकू जातं.

गळ टाकणं

पहिलं आमिष बर्फाच्या खालच्या कडेपासून ३० ते ६० सेंटीमीटरवर थांबवा. हो, इतकं वर. पाच-दहा मिनिटं तिथे द्या, मग अर्ध्या खोलीला, आणि शेवटी तळापासून वीतभर वर. वीस मिनिटांत काही झालं नाही तर पुढचं भोक. दोन काठ्यांची मुभा असेल तर एक हातात धरून खेळवा आणि दुसरी शेजारच्या भोकावर वेगळ्या खोलीला स्थिर लावा.

खेळवायचं म्हणजे काठीचं टोक मनगटाने १०-१५ सेंटीमीटर वर न्यायचं, खाली सोडायचं, आणि मग थांबायचं. नवखे हे थांबणंच विसरतात. आमिष हललेलं पाहून ट्राउट जवळ येतो, पण तोंडात घेतो ते बहुतेक वेळा स्थिर असताना किंवा खाली पडताना. पाच सेकंद, दहा सेकंद काही करू नका.

हे पटत नसेल तर एकदा डोळ्यांनी बघा. उथळ पाण्यावरच्या भोकापाशी चटई टाकून पालथं झोपा आणि डोक्यावरून जाकीट ओढून उजेड बंद करा. थोड्या वेळाने डोळे सरावतात आणि खाली हिरवट उजेडात तळ दिसायला लागतो: गवताची पाती, एखादा शिंपला, मध्ये लोंबणारी तुमची अळी. मी असाच पडून होतो तेव्हा डावीकडून एक ट्राउट आला, आमिषापासून वीतभरावर थबकला, कल्ले दोनदा हलले, तोंडाचं पांढरं आतलं अस्तर क्षणभर दिसलं आणि अळी नाहीशी झाली. हातातली काठी तसूभरही हलली नव्हती. मी भानावर येईपर्यंत त्याने अळी थुंकूनही टाकली. तेव्हापासून मी हाताला झटका बसायची वाट बघत नाही, तंगूसकडे बघत बसतो. तो ढिला पडला, बाजूला सरकला, थरथरला, किंवा आमिष नेहमीच्या खोलीपर्यंत न जाता अधेमध्ये थांबलं, की काठी अलगद वर उचलायची. झटका नाही, बारीक तंगूस झटक्याने तुटतो.

ठेवून दिलेली काठी बांधून ठेवा किंवा पक्क्या स्टँडला लावा. आडवी ठेवलेली काठी ट्राउट भोकातून खाली ओढून नेतो, आणि हे डोळ्यादेखत, बघता बघता होतं. रिळाचा ब्रेक आधीच ढिला करून ठेवा. हाताने तंगूस ओढला तर कुरकुरत सुटला पाहिजे.

वेळ पहाटेची पहिली दोन-तीन तासांची आणि मग सूर्य कलल्यावरची. हंगामात म्हणाल तर बर्फ सुरक्षित झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात चांगले.

मासा लागल्यावर

ट्राउट जोरात पळतो, दिशा बदलतो, भोकाखाली गोल गोल फिरतो. त्याला पळू द्या, ब्रेक आपलं काम करतो. खरा धोका भोकाच्या खालच्या कडेचा आहे. ती कड करवतीसारखी असते आणि ताणलेला तंगूस तिच्यावर घासला की संपलं. मासा बर्फाखालून लांब जायला लागला की काठीचं टोक सरळ भोकातल्या पाण्यात बुडवा, म्हणजे तंगूस कडेला लागत नाही. तो दमला की डोकं भोकाच्या रेषेत येईपर्यंत वाट बघा आणि एका सलग उचलीत वर आणा. डोकं आत आलं की मासा स्वतःच वर सरकतो. तंगूस हाताने ओढायचा नाही. हातमोजा काढून ओला हात खाली सरकवा आणि माशाला बाहेर घ्या.

सोडायचा असेल तर तो बाहेर काढूच नये हे उत्तम. कडाक्याच्या थंडीत ओले कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठायला लागतात. टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरा, मासा भोकातल्या पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ सोडवा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापा, किंवा मालकाची हरकत नसेल तर तो मासा ठेवायच्या हिशोबात धरा.

ठेवायचा की सोडायचा, हा निर्णय मालकाचा. उन्हाळ्यात ज्या तळ्याचं पाणी तापतं तिथे उरलेले ट्राउट तसेही वाचत नाहीत, म्हणून असे मालक हिवाळ्यातच मासे काढून न्या म्हणतात, आणि ते बरोबर आहे. तळं खोल, झऱ्याचं, वर्षभर गार राहणारं असेल तर मासे वर्षानुवर्षं वाढतात, आणि तिथे दोनवर थांबा म्हटलं तर दोनवरच थांबायचं.

ठेवायचा मासा बर्फावर तडफडत टाकू नका. डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, एक जोरदार घाव घाला, मग कल्ले कापून रक्त वाहू द्या. पोट शेपटीकडून डोक्याकडे चिरा आणि आतडी काढा. पाठीच्या कण्याला लागून काळपट लाल पट्टी दिसेल. ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याने खरवडून काढा, नाहीतर चव बिघडते. मांस कुणाचं केशरी निघेल, कुणाचं फिकट. तो रंग माशाने काय खाल्लं त्यावर ठरतो, ताजेपणाशी त्याचा संबंध नाही. साफ केलेला मासा बर्फावर उघडा कडक गोठू न देता झाकून बादलीत ठेवा.

निघताना

प्रत्येक भोकापाशी हिमाचा ढीग करा आणि त्यात एक फांदी रोवा. रात्रीत भोकावर पातळ पापुद्रा धरतो आणि दुसऱ्या दिवशी ते दिसत नाही. तिथे मालकाचं मूल किंवा कुत्रं पाय घालू शकतं. तंगूसचे तुकडे, गळ, आमिषाच्या डब्या, आतडी, सगळं गोळा करून न्या. मग मालकाला गाठून सांगा: किती धरले, किती ठेवले, किती सोडले, साधारण केवढे होते, पोटात काय होतं, आणि बर्फ कुठे किती जाड निघाला. पुढच्या वर्षी किती मासे सोडायचे याचा हिशोब तो याच माहितीवर करतो.